पान एकशे बारावरचा अंगठा

माझी बहीण टायपिस्ट नव्हती.

तिच्या पीएच.डी.च्या सरांनी आपल्या पुस्तकात आभार मानलेत, "टायपिंगला मदत केल्याबद्दल कु. रोहिणी." बास. एवढी एकच ओळ.

आज रोहीला जाऊन वर्ष झालं. सकाळी सरांनी पण तिचा फोटो टाकला. खाली जोडलेले हात.
म्हणून मी पण लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई आहे मी. चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढा.

आम्ही कुंभार. मी माती मळली, रोहीनं कॉलेज केलं. ग्रीक आणि रोमन लोकांची जुनी कला शिकायची म्हणाली. गल्ली हसली. मी पण हसले.

मग एकदा ती फोटो घेऊन आली. पंचगंगेकाठी खोदकामात सापडलेली मातीची पदकं. जुन्या काळी आपल्याच लोकांनी रोमचं नाणं मातीत दाबून केलेली. वर दोरा ओवायला भोक.

"आक्का, ही खऱ्या नाण्यापेक्षा बारकी का असतील गं? मोठमोठी माणसं म्हणत्यात, दुसऱ्या बारक्या नाण्यावरनं केली असतील."

"त्या मोठ्या माणसांनी कधी पणती भाजलीया व्हय? माती वाळली की आकसती, भाजली की आणिक आकसती. आमच्यातल्या शेंबड्या पोराला बी म्हाईत हाय."

तिनं तिथल्या तिथं वही उघडली.

तिथनं सुरू झालं. तिनं पितळेचं नकली नाणं आणलं, त्याच्यावर रोमचा नाकाडा राजा. मी साचा काढला, पदकं दाबली, भट्टीत घातली. ती एकेक मोजायची आणि वहीत लिहायची. चार वर्षं हेच.

"रोहे, ह्या राजाला किती येळा भाजायचा? आता तरी पास करत्यात का न्हाय तुला?"

"गप की आक्का. हसवू नको, माप चुकतंय."

मापाची वही, फोटो, सगळा प्रबंध सरांकडं गेला. करेक्शन चाललंय, करेक्शन चाललंय. दोन वर्षं.
तेवढ्यात हिच्या किडन्या गेल्या.

दवाखान्यात मी म्हटलं, जाते आणि कॉलर धरते त्याची.
"नको आक्का. सर मोठे हायत. देतील."

प्रबंध परत दिला नाही. ती गेली आणि सहा महिन्यांत पुस्तक आलं.
मापं तिची. फोटो तिचे. नाव सरांचं.

पुस्तक इंग्रजीत. माझ्या लेकीनं वाचून दाखवलं.
पान एकशे बारा. पदकाच्या पाठीमागचा मोठा फोटो. खाली लिहिलंय, प्राचीन कारागिराच्या अंगठ्याचा दुर्मिळ ठसा.

अहो सर, तो अंगठा माझा हाय.

माती कापायच्या तारेनं आडवा चिरलेला. तो वण फोटोत लख्ख दिसतोय.
रोहीनं जुनी पदकं आणि माझी पदकं, दोन्हींचे फोटो काढलेले. कुठलं जुनं, कुठलं माझं, हे तिनं दुसऱ्या वहीत लिहिलेलं. ती वही घरात आहे. तुम्हाला दिली नव्हती.
अभ्यास केला असता तर ओळखलं असतं. तुम्ही नुसतं उचललंत.

रविवारी सरांचा सत्कार आहे. शाल, फेटा, सगळं.

साचा अजून माझ्याकडं आहे. काल भट्टी लावली. हॉलच्या दारात टोपली घेऊन बसणार. येईल त्या पावण्याच्या हातात एक पदक. पाठीमागं माझा अंगठा. पान एकशे बारा उघडा आणि ताडून बघा.

सरांचं पदक स्टेजवर नेऊन देईन.
त्यांनी तिथंच माईकवर सांगायचं, हे काम रोहिणीचं. नाही सांगितलं तर मी सांगेन. माझा आवाज माईकशिवाय पोचतो.

माफी नको मला. पुस्तकावर तिचं नाव पाहिजे.

रोहे, तू असतीस तर मला अडवलं असतंस.
तेव्हा तुझं ऐकलं, तिथंच चुकले.

आता नाही ऐकणार.
तू निवांत राहा, बाई.

तुझी आक्का