सहा घरांत एक गोळी

नव्वदच्या दशकाअखेर एका शुक्रवारी सुट्टी म्हणून नवऱ्याच्या ऑफिसची मंडळी दुबईजवळच्या उम्म अल कुवैनकडच्या एका शूटिंग क्लबात गेली होती, मीही सोबत होते. तिथे शिकवणारा माणूस साताऱ्याकडचा निवृत्त फौजी निघाला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मला आधी त्यानं लहान पिस्तुलाच्या दहा गोळ्या झाडायला लावल्या. मग मोठं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याच्या सहा घरांत एकच गोळी भरली.

"एकच का?" नवऱ्यानं हसत विचारलं. फौजी पुढे सरकला. माझ्या मनगटामागे तळवा धरून उभा राहिला.

बार झाला आणि माझे हात कपाळापर्यंत उडाले. नळी छताकडे असतानाच माझं बोट आपोआप पुन्हा दाबलं गेलं. नुसतं टक् वाजलं. मी गार पडले.

"म्हणून एकच, ताई," तो शांतपणे म्हणाला. "लाजू नका. माझंही असंच झालं होतं. फक्त तेव्हा सहाही भरलेल्या होत्या."

मग त्यानं पुन्हा एकच भरली. या वेळी बोट थांबलं. त्यानं मान हलवली आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरचा माझा घाम रुमालानं पुसून टाकला.

परतताना मी गाडीत गुणगुणत होते. गोळी कुठे लागली, ते मी पाहिलंच नव्हतं.