मुरलेल्या तारा

दुकानात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. नाव मालकानं पाडलं, गिऱ्हाइकांनी उचललं, आणि हळूहळू त्याच्याही अंगवळणी पडलं. मागच्या खोलीत बसून तो बावीस वर्षं स्पीकरच्या केबली बनवत होता. टोकांना डाख द्यायचा आणि तयार केबल एका पत्र्याच्या पेटीला जोडून दोनशे तास ठेवायची. पेटी केबलीतून अखंड आवाज खेळवते, त्यानं तार मुरते, असं दुकानाचं सांगणं. नवी तार कोरडी वाजते, मुरली की मोकळी. तास भरले की तो केबल स्पीकरला लावून डोळे मिटून ऐकायचा, मग चिठ्ठीवर सही करायचा. त्या सहीवर माणसं केबल घेऊन जायची, पुढं काही विचारायची नाहीत.

बायको म्हणायची, "मी स्वयंपाकघरातून घसा फोडते ते ऐकू येत नाही, आणि तारेचं मुरणं बरं ऐकू येतं!"

तो हसायचा. आयुष्यात दुसरं काही हाती लागलं नव्हतं. एक कान तेवढा होता.

एका सकाळी धूळ काढायला त्यानं पेटी उघडली. वरचा लाल दिवा नेहमीसारखा जळत होता. आत मात्र केबलींकडे जाणारी तार कापलेली होती. कापल्या टोकावर धुळीचा जाड थर.

तो तसाच मालकाकडे गेला.

"मालक, पेटी बंद आहे."

"चार वर्षं झाली की," मालक चहा ढवळत म्हणाला. "तिच्यामुळं दुकानात पुढं लावलेल्या स्पीकरांत खरखर यायची. मीच कापली."

"मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? तू तर दर खेपेला म्हणायचास, झकास मुरलीय."

मालक हे चेष्टेत बोलला, मनात काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. चार वर्षं आपण डोळे मिटून काय ऐकत होतो? आणि त्याआधीची अठरा?

दुपारी निवृत्त संगीतशिक्षक आले. ते याच्याखेरीज कुणाच्या हातची केबल घेत नसत. यानं त्यांना दारातच गाठलं.

"सर, तार मुरत-बिरत काही नाही. पेटी चार वर्षं मेलेली आहे. आपल्या कानाला सवय होते, तिलाच आपण मोकळं म्हणतो. माझ्या सगळ्या सह्या खोट्या आहेत."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मुद्दाम चढवला. "अहो, वय झालं की कान दगा देतात. मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळी नेलेल्या केबलीत काय मोकळेपणा आहे! तुम्हाला आता जाणवत नसेल, इतकंच."

"मला सगळं ऐकू येतं, सर."

"हो, हो," सर आणखी मोठ्यानं म्हणाले.

मालकानं संधी साधली. "सर, तुम्हीच येत जा ना अधूनमधून. ऐकायचं आणि सही करायची."

सर आधी संकोचले, मग खुलले. आत जाऊन त्याच्या खुर्चीत बसले. त्यानं त्यांच्यासाठी केबल जोडली. सरांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर एक सुख पसरत गेलं. ते बाहेरून कसं दिसतं, हे त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं.