बर्फावर चालण्याचा आवाज

कॉर्नफ्लॉवर डब्यात चमच्याने दाबून भरताना करकर आवाज झाला आणि वैशाली नगरच्या घरातली ती दुपार आठवली. बाहेर मे महिन्याची झळ होती, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास घरभर होता आणि माझा नवरा स्वतःच्या कादंबरीतलं उत्तरेकडचं गोठलेलं तळं चार मित्रमंडळींना वाचून दाखवत होता. पडलेला बर्फ त्याने कधी पाहिला नव्हता. फौजी नवऱ्याबरोबर बर्फात राहून आलेल्या एक बाई मध्येच म्हणाल्या, "हे तळं त्या जुन्या कवितेतलं ना?" तो खुलला. माझ्याशी बोलताना असा खुलत नसे. पुढचा प्रत्येक संदर्भ त्यांनी ओळखला. सगळी कादंबरी टाइप करूनही मला एकही कळला नव्हता. निघताना त्या म्हणाल्या, "बर्फावर चालण्याचा आवाज मात्र अगदी खरा. कुठे ऐकलात?" तो नुसता हसला. कप विसळताना मी विचारलं, "त्यांच्याकडूनच कळला ना तो आवाज?" "वेडी आहेस. तू कॉर्नफ्लॉवर दाबून भरतेस ना, तेव्हा ऐकला." त्याला जाऊन आता वर्ष होईल. आज डबा भरला तरी मी चमचा दाबत राहिले. हा एक संदर्भ त्या बाईंना ओळखता आला नव्हता.