टिटवीची चार अंडी

मे महिन्यात इथे आखातात, आमच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीत फिरायचं तर पहाटे पाचला. सातनंतर फिरतो तो एकतर वेडा, नाहीतर नवीन आलेला. मी, बायको आणि बारा वर्षांची लेक तळ्याला एक फेरी मारतो. दुर्बीण माझ्या गळ्यात असते, पण पक्षी आधी दिसतो तो लेकीला.

टिटवीची अंडीही तिनंच शोधली. रिकाम्या प्लॉटवर, फुटपाथला लागून, खडीत खडीच्याच रंगाची चार. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तशी बायको म्हणाली, "चला इथून. टिटवी ओरडली की काही चांगलं होत नाही." आयटीत वीस वर्षं काढलेली बाई, पण टिटवी म्हटलं की तिचं माहेर जागं होतं.

मला त्या जोडीचं फार कौतुक वाटे. एक अंड्यांवर सावली धरून उभी, तोवर दुसरी स्प्रिंकलरखाली पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची.

पाखरांच्या नावाचा घास काढल्याशिवाय जेवायचं नाही, ही माझ्या वडिलांची शिस्त. ती माझ्याही अंगात मुरलेली. एका पहाटे मी रात्रीचा उरलेला भात डब्यातून नेला आणि अंड्यांपासून हातभर अंतरावर ठेवला. बिचारी दिवसभर उन्हात, खायला जाणार कधी?

फेरी मारून परत आलो तर भातावर सात-आठ कावळे. टिटव्या जिवाच्या आकांतानं त्यांच्यावर झेपावत होत्या. अंडी तीनच उरली होती.

"बाबा, दे ईट इन्सेक्ट्स," लेक म्हणाली. "यू इन्व्हाइटेड द क्रोज."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाताचं शीत न् शीत वेचलं, तरी कावळे दिव्याच्या खांबावर ठाण मांडून. दोघींना म्हटलं, तुम्ही घरी जा. लेक हलली नाही आणि बायकोही गेली नाही. आम्ही वीस पावलं मागे सरकलो आणि एखादा कावळा खाली उतरला की ती ओढणी फिरवत धावायची. मी ऑफिसला 'स्टक इन ट्रॅफिक' असा मेसेज टाकला. सात वाजता कावळे कंटाळून गेले. टिटवी आली, आम्हाला चार शिव्या हासडून अंड्यांवर बसली.

त्यानंतर आम्ही रोज लांबूनच बघायचो. दोन आठवड्यांनी एका पहाटे खडी रिकामी दिसली. आवाजही नाही.

"ओरडत का नाहीये ती?" बायकोचा चेहरा उतरला होता.

आम्ही हिरवळीपर्यंत गेलो, आणि एकदम डोक्यावर कल्लोळ उठला. स्प्रिंकलरच्या ओल्या गवतात काटकुळ्या पायांची तीन पिल्लं पळत होती. लेक मोजत राहिली, पुन्हा पुन्हा, तीनच भरत होती.

बायको मान वर करून उभी होती.

"ओरड बाई," ती म्हणाली. "पोटभर ओरड."