उतारावरचा ब्रेक आणि डाव्या पायाची चप्पल

आधी जयाबेनचं नाव घेतो. सुरत शहराबाहेर एक करमणुकीचा पार्क आहे, तिथल्या रोलर कोस्टरच्या केबिनमध्ये त्या बसतात. त्यांनी माझा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही, कारण जीव धोक्यात नव्हताच. धोक्यात होता तो माझा संसार. तो वाचवायला त्या बाई लोखंडी जिन्याच्या ऐंशी पायऱ्या चढून वर आल्या. मी तो वाचू दिला नाही, हा काही त्यांचा दोष नाही!

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली (मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही). सहा वर्षं झाली, सुरतेजवळ कडोदऱ्याला कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात आहे. बायको मंदा पाच महिन्यांपूर्वी इकडं आली आणि तिच्यामागोमाग तिचे वडील. त्यांना मी मामा म्हणतो, मंदा अण्णा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. बोलणंही गिअर बदलल्यासारखं, मोजकं.

"खोली बघतो, माणूस बघतो," आल्या आल्या म्हणाले. "पटलं तर पोरगी राहील. न्हाई पटलं तर मंगळवारच्या गाडीनं माझ्यासंगं येईल."

खोली बघून झाली. (तिला वेळ लागत नाही. दारात उभं राहिलं की संपते.) आता सगळा भार माणसावर, म्हणजे माझ्यावर! त्यात फोनवर मी मामांना सांगून बसलेलो की मी फिटर झालोय. खरं तर मी आठ लूम सांभाळतो, तुटलेले धागे जोडतो आणि फिटर आला की त्याच्या शिव्या खातो.

"फिटर म्हंजे मशीनची नस वळखत असाल," मामा म्हणाले.

"नुसत्या आवाजावरून कळतं मला, मामा!" (कारखान्यात स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.)

मामा खूश झाले. पिशवीतून माझ्यासाठी आणलेल्या चामड्याच्या करकरत्या चपला काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. मी दोनदा पाया पडलो.

सुट्टीच्या दिवशी पार्कात गेलो. रोलर कोस्टरसमोर मामा हात मागं बांधून उभे राहिले.

"हिचा डायवर कुठंय?"

"डायवर नसतो. मशीनवर चालती."

"मग ब्रेक कोण दाबतं?"

मला माहीत नव्हतं. म्हणून मी लगेच उत्तर दिलं. "ब्रेकच नसतो मामा! ब्रेक लावला तर मजा काय राहिली?"

मामांचा चेहरा उतरला. "बिगरब्रेकची गाडी? चला, बसूनच बघू."

मंदा पिशवी आणि मामांची टोपी घेऊन खाली थांबली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काही झालं तरी वरडू नका. अण्णा बघतेत."

"मी? वरडणार?"

चपला खाली काढून ठेवा अशी पाटी होती. पण मामांनी दिलेल्या नव्या चपला परमुलखात कोण उघड्यावर ठेवील? पायात ठेवूनच बसलो.

गाडी वर चढली आणि कोसळली. मी ओरडलो, पण सगळेच ओरडत होते, त्यामुळं ते धरत नाहीत. शेजारी मामा पुढची दांडी स्टिअरिंगसारखी धरून उजवा पाय दाबत होते. मग गाडी पुन्हा वर गेली, एका सपाट जागी आली आणि खर्रर्र करत एकदम मंदावली. जवळजवळ थांबलीच.

आता माझं ऐका. लूम आपोआप थांबला, की एकच अर्थ: धागा तुटला. सहा वर्षांत दुसरा अर्थ मी पाहिलेला नाही. माणूस उठतो, मागं पळतो, तुटलेलं शोधतो. माझे पाय उठले, पण पट्टा उठू देईना.

"मामा, तुटलं काहीतरी!"

"गप बसा. ब्रेक लागलाय," मामा शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला बसमधलं कळतं मामा! हे मशीन आहे!"

मी बोंबललो, "बंद करो! टूट गया!" खालचे लोक हसून हात हलवू लागले. मी दोन्ही हात वर करून इशारे केले. मागच्या चार पोरींनी मजा म्हणून तसंच केलं! शेवटी मामांची नजर खाली मंदाला शोधत होती, तेवढ्यात मी डाव्या पायातली चप्पल काढली आणि केबिनच्या दिशेनं भिरकावली.

ती गेली दहा फूट आणि बसली रुळावर. गाडी नेमकी पुढं सरकणार होती! केबिनमधून जयाबेनना रुळावर काहीतरी पडलेलं दिसलं आणि त्यांनी लाल बटण दाबलं. धाडकन गाडी जागच्या जागी आवळली. मागची दुसरी गाडी चढणीवर अर्ध्यात लटकली.

"आता थांबली," मामा म्हणाले.

पाच मिनिटांनी जयाबेन धापा टाकत वर आल्या. "गभराशो नहीं! बधुं बराबर छे!"

मामांनी विचारलं, "बाई, हिला ब्रेक हाय का न्हाई?"

"अरे काका, ब्रेक पर ही तो चलती है!" म्हणत बेन समजावू लागल्या. उताराचा सगळा वेग तसाच पुढच्या वळणाला नेला तर माणसांच्या मानेला हिसका बसतो आणि चाकं झिजतात. म्हणून तो इथं थोडा कमी करतात. शिवाय एकाच रुळावर दोन गाड्या. पुढची निघून जाईपर्यंत मागचीला इथं धरून ठेवता आलं पाहिजे. "रुकती है, इसलिए टकराती नहीं."

मामा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले! "ऐकलं का जावईबापू? चालवता कुणालाबी येतं. थांबवता आलं पाहिजे."

मी वाचलो होतो. मामा वळून मागची लटकलेली गाडी बघू लागले. तेवढ्यात जयाबेननी येताना रुळावरून उचललेली चप्पल पदराआडून काढली, गुपचूप माझ्या पायाशी सरकवली आणि रुळावर काय पडलं होतं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, "कबूतर हतुं!"

परक्या मुलखात कुणी इतकं करतं का? मी हात जोडले आणि गदगदून ओरडलो, "लय उपकार झाले बेन! मामांनी हिंगोलीहून आणलेली हो ही चप्पल!"

जयाबेननी डोळे मिटले. मामा हळूच वळले आणि माझ्या पायाकडं बघू लागले.

पुढची वळणं आमच्या गाडीनं एका शब्दाविना घेतली. मागच्या पोरीसुद्धा ओरडल्या नाहीत.

खाली उतरल्यावर मामांनी विचारलं, "फिटर न्हाईत ना तुम्ही?"

"नाही."

"मंदा, सामान भर."

"का पण, अण्णा?"

"भितो म्हणून न्हाई. भितेत समदेच. पण ज्याला ठावं नसतं आन् जो इचारतबी न्हाई, त्याच्यापाशी इतक्या लांब पोरगी कशी ठिवू?"

मंदा माझ्याकडं वळली. "एवढंच सांगितलं होतं, वरडू नका."

"नुसता वरडलो असतो तर बरं झालं असतं, मंदा. मी चप्पल फेकली."

ती हसली नाही. मंगळवारची गाडी वेळेवर सुटली. मी फलाटावर तिच्याबरोबर चाललो, मग पळालो, मग थांबलो. चार महिने झाले. मंदा फोनवर जेवलात का विचारते. कधी येतेस हे मी विचारतो, तेव्हा फोन मामांकडं जातो.

जयाबेनना मालकानं पाऊण तास झापलं, पण कबूतर त्यांनी सोडलं नाही. मी आभार मानायला पुन्हा गेलो, तर केबिनचं दार अर्धं उघडून म्हणाल्या, "भाई, हाथ जोडुं छुं, हवे आभार नहीं मानता!"

तेव्हापासून आभार न मानण्याचा सराव करतोय. परवा फिटरनं माझा लूम चालू करून दिला, मी नुसती मान हलवली. तो म्हणाला, "साल्याला माज आलाय."

जयाबेन, मी हे फेडीन. मंदा परत आली की तिच्या हातच्या भाकरी आणि ठेचा घेऊन त्या ऐंशी पायऱ्या मी चढीन, डबा तुमच्या हातात देईन आणि एक शब्द न बोलता खाली उतरेन. हे वचन आहे. फक्त कबुतराची गोष्ट मी इथं लिहून बसलोय, हे आत्ता ध्यानात आलं. तुमच्या मालकाला मराठी वाचता येत असेल, तर तेही फेडीन.