भोक पाडलेलं अमेरिकन नाणं

घामेजलेल्या काळ्या दोऱ्याचा वास आला, की मला गुलमंडीच्या बाजारातलं जुन्या नाण्यांचं दुकान आठवतं. आई वेरूळच्या डोंगरात शेळ्या राखत असताना एका गोऱ्या पाहुणीनं तिला पाच सेंटचं जुनं अमेरिकन नाणं दिलं होतं, आणि आईनं सोनाराकडून भोक पाडून ते काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधलं होतं. असल्या नाण्याला चांगली किंमत येते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो. दुकानदारानं नाणं भिंगाखाली धरलं आणि तोंड वाकडं केलं. “साल चांगलं आहे, मावशी, पण भोक पाडून तुम्ही मातीमोल केलं.” आईनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं. “भोक नसतं तर कवाच हरवलं असतं,” ती म्हणाली, आणि तिथंच त्याच्यासमोर ते पुन्हा माझ्या गळ्यात बांधून घट्ट गाठ मारली. आता ते माझ्या लेकीच्या गळ्यात आहे. भोक झिजून मोठं झालंय, नाणं अजून आमच्याकडंच आहे.