थंड जीप मी पाह्यलीच नाई

हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाई. बायकोले नाई, भावाले नाई — आन् ज्याले सांगाले पाह्यजे होतं, त्याले तं नाईच. तुमाले काहून सांगून राहिलो? मालूम नाई. तुमी त्याले ओळखत नाई, म्हणून असंल.

बार्शीटाकळीले माझं गॅरेज आहे. लोक मले रफिक उस्ताद म्हणतात, आन् खरं सांगतो, मले ते आवडते — लय आवडते. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, त्याचं टोक इंजिनाले टेकवतो, मूठ कानाले लावतो, आन् सांगतो काय बिघडलं ते. अकोल्याच्या मिस्त्र्यांनी हात टेकले अशा गाड्या मी नुसत्या कानानं पकडल्या, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा जास्त मीच म्हणत होतो.

वीसेक वर्षांआधीची गोष्ट; ते कापसाचं वाईट साल होतं. पाऊस दगा देऊन राहिला होता, भाव नव्हता, आन् कास्तकाराचं बिघडलं की आमच्याकडं सगळ्यांचंच बिघडते. आमच्या गावचे कृषी केंद्रवाले दिनकरराव — त्यांच्या दुकानात बियाण्याच्या थैल्या तशाच पडून राहत. मंग माणूस काय करते? बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवते. त्यांची नजर पेट्रोलवर गेली. त्यांच्याकडं एक जुनी पेट्रोल जीप होती, खेड्याखेड्यात खत-बियाणं पोचवाले. आन् तिच्यावर ड्रायव्हर वासुदेवभाऊ.

वासुदेवभाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. थोडं वावर होतं, पण त्यावर घर चालत नव्हतं, म्हणून बैलजोडी विकली आन् स्टिअरिंग धरलं. पोळ्याच्या दिवशी तो जीप धुवे, बोनेटले हळदकुंकू लावे, आरशाले बैलाच्या घुंगरांची माळ बांधे. आमी हसत होतो. तोही हसे, पण माळ काढत नसे.

त्या हिवाळ्यात जीप पेट्रोल लय पिऊन राहिली होती. वासुदेवभाऊनं दिनकररावले सांगतलं — सकाळी थंडी गाडी चालू केली की इंजिन चढते, चोक, म्हणजे थंड्या इंजिनाले जास्त पेट्रोल देणारं बटन, आत ढकललं तरी उतरत नाई, पाव-अर्धा घंटा बोंबलत राहते, मंग आपोआप गप होते. दिनकरराव म्हणाले, ठीक आहे, रफिकले दाखवू, तो म्हणंल ते खरं. समजलं ना तुमाले? वासुदेवभाऊची नोकरी माझ्या कानावर येऊन बसली होती.

दोघं आले हिवाळा सरता सरता, भर दुपारी, चार खेडी फिरून. इंजिन तापून लाल. समोरच्या चहावाल्याकडं पाच-सहा लोक बसलेले, सगळे पाहून राहिले होते. मी पेचकस लावला, कान लावला. गाडी कशी गुमान चालून राहिली होती — एकदम शहाणी!

वासुदेवभाऊ म्हणे, “मिस्त्री, अशी नाई कळत ते. रातभर राहू दे इथंच. सकाळी थंडी असताना तूच चालू करून पाह्यजो.”

बरोबर बोलला होता. थंड्या इंजिनाची खोड थंड्या इंजिनातच दिसते, हे काल शिकाले आलेल्यालेही समजते. मले समजत नव्हतं का? समजत होतं. पण लोक पाहून राहिले होते ना! रातभर ठेवा म्हटलं असतं तं उस्तादाले सापडलं नाई, असं झालं असतं. मी म्हटलं, “माझ्या कानाले सकाळची वाट पाहा नाई लागत, भाऊ. गाडीत काहीच नाई.”

चोर हा शब्द मी बोललो नाई. बोलाची गरज तरी होती का? गाडीत काही नाई, तं पेट्रोल गेलं कुठं? दिनकररावनं चाबीसाठी हात पुढं केला. वासुदेवभाऊनं माझ्याकडं पाह्यलं, चाबी दिली, आरशाची माळ सोडली, खिशात घातली आन् पायीच निघून गेला.

तुमी म्हणाल, चूक झाली, होते माणसाकडून. नाई — थांबा. एवढंच असतं तं मी सांगाले बसलोच नसतो.

पुढच्या हिवाळ्यात, थंडी पडताच, नवा ड्रायव्हर तीच जीप ब्रेकच्या कामासाठी ठेवून गेला. सकाळी मी आत घ्याले म्हणून चालू केली, आन् इंजिन चढलं ते उतरेचना. बोनेट उघडलं. तिकडं स्टिअरिंगजवळ चोकचं बटन पुरतं आत ढकललेलं, आन् इकडं कार्बोरेटरवर चोकची दांडी अर्ध्यातच अडकलेली. केबलच्या नळीत जुनं ग्रीस आन् धूळ थंडीनं घट्ट झाली होती. मी तसाच उभा राहिलो. इंजिन तापलं, ग्रीस ढिलं झालं, दांडी खाली आली — आन् जीप गप. वासुदेवभाऊ बोलला होता तसंच. अक्षर न अक्षर.

केबल बदलाले किती वेळ लागते? चहा थंडा होत नाई तेवढ्यात झालं. दिनकररावले सांगतलं, ब्रेक केले, थोडं तेलपाणी केलं. केबलचं नाव काढलं नाई.

महिनाभरानं दिनकरराव त्याच चहावाल्याकडं सगळ्यांच्या देखत म्हणाले, “ड्रायव्हर बदलला आन् मागच्या हिवाळ्यापेक्षा पेट्रोल वाचलं बापा! आता समजलं, कोण पेत होतं ते.” सगळे हसले. मी तिथंच होतो, हातात गिलास घेऊन. मीही हसलो.

गाडी मी दुरुस्त केली, आन् त्या दुरुस्तीनंच त्याच्यावरचा आळ पक्का झाला. हे मले तिथंच, हसता हसता समजलं होतं. तरी तोंड उघडलं नाई. त्यानंतर गावात त्याच्या हातात कोणी स्टिअरिंग दिलं नाई. त्या वयात तो अकोल्याच्या बाजारात पोते उचलाले जाऊ लागला. माझं गॅरेज मातर वाढलं.

मागच्या साली माझ्या पोरीच्या लग्नात तो आला. बोलावणं गावाले होतं, तो येईल असं वाटलं नव्हतं. जेवला, पोरीले आशीर्वाद दिला. निघताना माझा हात धरून म्हणे, “रफिक, एक इचारू? ते जीप... थंडी असताना कधी पाह्यली का रे तू?”

आवाजात राग नव्हता. राग असता तं बरं झालं असतं. मंग थोडा थांबला आन् म्हणे, “नाई, मलेच आता वाटते — मीच चुकीचं ऐकलं असंल.”

इतकी वर्षं लोकांनी त्याले चोर म्हटलं, तेव्हा त्याले सोबत होती ती फक्त त्याच्या कानाची. तीही त्याच्याजवळ राहिली नव्हती. एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, “नाई, भाऊ. मौकाच नाई आला.”

“बरं,” म्हणे, आन् चपला शोधू लागला.

त्याचं घर माझ्या गॅरेजपासून तीन गल्ल्या पलीकडं आहे. मी गेलेलो नाई.